‘करू शकतो’ आणि ‘करतो’ : पक्षाघातोत्तर हस्तमापनाची चिकित्सा

पक्षाघाताने दुर्बल झालेला हात कितपत सुधारला, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी घरातील माणसे देत, वैद्य देत, किंवा रुग्ण स्वतः देई. आज ते प्रायः एका अंकाच्या रूपाने दिले जाते. हा अंक तापमापकातील पाऱ्याप्रमाणे एखाद्या यंत्राने दाखविलेला नसतो. त्याच्या मागे एक परीक्षापत्रिका असते. तीत रुग्णाला द्यावयाच्या आज्ञा, त्याच्यासमोर ठेवावयाच्या वस्तू आणि ‘अंशतः’, ‘पूर्णपणे’, ‘मोठ्या कष्टाने’ अशा शब्दांत केलेली श्रेणींची वर्णने असतात. म्हणजे अंक हा त्या शब्दांचा संक्षेप होय. उपचारशास्त्रात प्रस्तुत लेखकाला कसलाही अधिकार नाही. परंतु परीक्षापत्रिका ही एक संहिता आहे, आणि तिचे शब्द काय मोजतात व काय मोजत नाहीत हे पाहण्याचा अधिकार भाषाभ्यासकाला असावा, असे वाटल्यावरून हे विवेचन केले आहे.

या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठित परीक्षा म्हणजे स्वीडनमधील आक्सेल फुगल-मेयर व त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली श्रेणी. तिच्या बाहुविभागात ३३ बाबी आहेत. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण; एकूण गुण ६६. त्यांपैकी ३६ खांदा, कोपर व अग्रबाहू यांना, १० मनगटाला, १४ पंजाला आणि ६ गती व समन्वय यांना. पहिल्या भागातील एक आज्ञा अशी की, रुग्णाने आपला दुर्बल हात विरुद्ध बाजूच्या गुडघ्यावरून उचलून दुर्बल हाताच्याच बाजूच्या कानापर्यंत न्यावा. घरात ही हालचाल सहसा कोणी करीत नाही. मग ती का निवडली? याचे उत्तर इतिहासात सापडते. १९५१ साली ट्विचेल यांनी पक्षाघातानंतर हालचाल कोणत्या क्रमाने परतते याचे वर्णन केले : आधी प्रतिक्षिप्त क्रिया, मग साखळीने बांधल्यासारख्या हालचाली, ज्यांत खांदा उचलू गेल्यास कोपर आपोआप वाकते, आणि शेवटी या साखळीतून मोकळ्या झालेल्या स्वतंत्र हालचाली. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी हाच क्रम अवस्थांत मांडला. फुगल-मेयर यांची परीक्षा म्हणजे या सिद्धांताचे गुणपत्रिकेत केलेले रूपांतर होय. ती हात ‘उपयोगी’ आहे काय हे विचारीत नाही. हात साखळीतून किती सुटला हे विचारते. हा तिचा दोष नव्हे. दोष आहे तो तिचा अंक ‘हाताची सुधारणा’ या व्यापक नावाने उद्धृत करणाऱ्यांचा.

सिद्धांतापोटी आलेल्या बाबी कधीकधी त्या सिद्धांताच्याच अंगावर येतात. या परीक्षेत तीन बाबी प्रतिक्षिप्त क्रियांसंबंधी आहेत. २००७ साली वुडबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, राश या डॅनिश गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने, ३३ बाबी एकच गुणधर्म मोजतात काय याची तपासणी केली. तेव्हा या तीन बाबी इतरांच्या रांगेत बसत नाहीत असे आढळले. त्या वगळल्यावर उरलेल्या ३० बाबींची रांग सुसंगत झाली. असे असूनही ६६ हा आकडा व्यवहारात तसाच टिकून आहे. रूढ झालेले परिमाण बदलणे हे रूढ झालेले शुद्धलेखन बदलण्याइतकेच कठीण असते, याचा मराठी वाचकांना वेगळा पुरावा देण्याची गरज नाही.

याहून मूलभूत अडचण बेरजेची आहे. ‘एक’ म्हणजे अंशतः. नुसती सुरुवात करून थांबलेला हात आणि जवळजवळ शेवटापर्यंत पोचलेला हात, दोघांनाही ‘एक’च. शून्यावरून एकावर जाणे आणि एकावरून दोनावर जाणे ही अंतरे सारखी आहेत असे कोणीही सिद्ध केलेले नाही. त्या केवळ पायऱ्या आहेत, त्यांची उंची मोजलेली नाही. स्टीव्हन्स यांनी १९४६ सालीच क्रमदर्शक अंक व समान अंतरांचे अंक यांतील भेद स्पष्ट केला होता. तरीही पायऱ्यांची बेरीज सर्रास होते. ३३ गुण मिळविणाऱ्या दोन रुग्णांपैकी एकाचा खांदा मोकळा व पंजा निर्जीव असू शकेल, आणि दुसऱ्याच्या गुणांची वाटणी अगदीच निराळी असू शकेल; बेरीज दोघांना एकाच नावाने हाक मारते.

दुसरी परीक्षा स्वभावाने निराळी आहे. कॅरोल यांनी १९६५ साली रचलेल्या परीक्षेत फेरबदल करून लाइल यांनी १९८१ साली ती सिद्ध केली. ‘अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट’ या नावाने ती ओळखली जाते. तीत १९ बाबी आहेत, प्रत्येकीला शून्यापासून तीनपर्यंत गुण, एकूण ५७. येथे कानापर्यंत हात नेणे नाही. येथे वस्तू आहेत. दहा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा, धार लावण्याचा दगड, एका पेल्यातून दुसऱ्यात ओतावयाचे पाणी, अंगठा व अनामिका यांच्या चिमटीत धरावयाची सहा मिलिमीटरची पोलादी गोळी. फुगल-मेयर यांच्या परीक्षेत चेंडू टेनिसचा आहे, लाइल यांच्या परीक्षेत क्रिकेटचा! परीक्षेच्या पेटीतही तिचे रचनाकार ज्या मैदानाशेजारी वाढले त्याची खूण राहते.

या परीक्षेची खरी गंमत तिच्या क्रमात आहे. प्रत्येक गटात पहिली बाब सर्वांत कठीण. ती निर्दोष जमली, तर गटातील उरलेल्या बाबी न करविताच पूर्ण गुण द्यावयाचे. पहिली साधली नाही, तर दुसरी, म्हणजे सर्वांत सोपी, द्यावयाची. तीही शून्य ठरली, तर गट शून्य. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा आराखडा परिचित वाटेल. गट्मन यांची हीच श्रेणी डीकँप यांनी जमैकातील क्रिओल भाषेच्या अभ्यासात वापरली : अमुक रूप बोलणारा तमुक रूपही बोलतोच, असे अनुमान. तेथे या अनुमानाला अपवाद सापडले की अभ्यासक ते तक्त्यात दाखवितो. येथे अपवाद सापडण्याची संधीच ठेवलेली नाही, कारण कठीण बाब जमलेल्या रुग्णाकडून सोपी बाब करवून घेतलीच जात नाही. गुणपत्रिकेतील कित्येक ‘तीन’ कोणीही प्रत्यक्ष पाहिलेले नसतात. शिवाय दहा सेंटिमीटरचा ठोकळा एका पंजात धरणे हे हात किती सुधारला यावरच नव्हे, तर पंजा मुळात केवढा आहे यावरही अवलंबून असणार. लहान चणीच्या वृद्ध स्त्रीला ही ‘कठीण’ बाब पक्षाघातापूर्वीही कठीणच गेली असती.

या परीक्षेत ५.७ गुणांची वाढ झाली की ती ‘अर्थपूर्ण’ समजावी, असा संकेत फार प्रचलित आहे. तो आकडा दशांशचिन्हामुळे सूक्ष्म निरीक्षणातून निघाल्यासारखा भासतो. वस्तुतः तो ५७ चा एक-दशांश आहे, एवढेच. यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

अंकाला स्वतःचे आयुष्य प्राप्त झाले म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण तथाकथित ‘प्रमाणबद्ध सुधारणेचा नियम’ हे आहे. २००८ साली प्रभाकरन व सहकारी यांनी असे दाखविले की, बहुसंख्य रुग्ण पहिल्या तीन महिन्यांत, त्यांना जितके गुण मिळण्यास वाव होता त्याच्या सुमारे सात-दशांश गुण मिळवितात. आरंभी २० गुण असलेल्या रुग्णाला ४६ गुणांचा वाव. त्याचे सात-दशांश सुमारे ३२, म्हणजे तो ५२ च्या आसपास पोचेल. आरंभी ५० असलेला ६१ च्या आसपास. तीव्र आघात झालेल्यांपैकी काही या नियमात बसत नाहीत. त्यांचा वेगळा गट करण्यात आला. नियम विलक्षण सुबक होता. निसर्गाने जणू त्रैराशिक मांडले आहे, असा समज पसरला, आणि उपचार कोणताही असो, सुधारणा ठरल्या प्रमाणातच होणार, असेही काहींना सूचित झाले.

२०१९ साली होप व सहकारी यांनी, आणि स्वतंत्रपणे हॉव, स्कॉट व ड्यूक्लो यांनी, या सुबकपणाचे मूळ तपासले. ‘वाव’ म्हणजे ६६ वजा आरंभीचे गुण. ‘सुधारणा’ म्हणजे अंतिम गुण वजा आरंभीचे गुण. दोन्हींतून एकच राशी वजा झालेली आहे. तेव्हा या दोन संख्यांची सांगड काही अंशी रुग्णाच्या मेंदूने नव्हे, वजाबाकीनेच घातलेली असते. समजा, शंभर रुग्णांचे अंतिम गुण चिठ्ठ्या टाकून वाटले, म्हणजे आरंभाशी त्यांचा काही संबंधच ठेवला नाही, तरीही ‘वाव’ व ‘सुधारणा’ यांच्यात सहसंबंध दिसेल. त्यात भर ६६ या छताची. सौम्य आघाताचे रुग्ण छताला टेकतात व तेथेच गोळा होतात. अंतिम गुणांतील विविधता आटते. आणि जसजशी ती आटते तसतसा सहसंबंध पूर्णत्वाकडे सरकतो. सारेच रुग्ण ६६ वर पोचले, तर तो अगदी पूर्ण होईल, आणि आपल्याला मात्र काहीही नवे कळलेले नसेल. येथे टीकाकारांना न्याय देणे अवश्य आहे : सुधारणा आरंभीच्या स्थितीशी निगडित नाही असे त्यांनी म्हटलेले नाही, दिलेला पुरावा हा पुरावा नव्हे, एवढेच म्हटले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तो प्रस्तुत लेखकाला ग्रंथात नव्हे, घरात भेटला. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका वडीलधाऱ्या नातलग स्त्रीचा उजवा हात पक्षाघाताने अधू झाला. काही महिन्यांत लाइल-परीक्षेतील गुण २९ वरून ४१ झाले. पुढे ते स्थिरावले, आणि ‘अपेक्षित सुधारणा साधली’ असा शेरा देऊन उपचार थांबविण्यात आले. घरी तो हात मांडीवर पडून असे. जेवण डाव्या हाताने, चमच्याने होई. एकदा विचारले, “आत्या, हात कसा आहे?” उत्तर आले, “बरा आहे रे. सांगितलं की उचलते. आपण होऊन नाही उचलत.” आत्याबाईंनी एका वाक्यात जो भेद सांगितला तो ५७ गुणांच्या पत्रिकेत कोठेही मावत नव्हता, आणि उपचार थांबविण्याचा निर्णय मात्र त्या पत्रिकेवरून झाला होता.

शास्त्राला हा भेद ठाऊक नाही असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ सालच्या वर्गीकरणात, प्रमाणित परिस्थितीत माणूस काय करू शकतो आणि आपल्या नित्याच्या परिस्थितीत काय करतो, या दोन गोष्टी वेगळ्या नोंदविण्यास सांगितले आहे. पहिलीला इंग्रजीत ‘कपॅसिटी’ व दुसरीला ‘परफॉर्मन्स’ म्हणतात. चॉम्स्की यांनी १९६५ साली केलेल्या ‘काँपिटन्स’ व ‘परफॉर्मन्स’ या भेदाची आठवण आमच्या विद्यार्थ्यांना होईलच. पण मूल्ये येथे उलटली आहेत. चॉम्स्कींना प्रत्यक्ष प्रयोग हा गाळसाळ वाटतो व क्षमता हीच अभ्यासवस्तू. रुग्णाला प्रयोगच हवा आहे, क्षमता घेऊन तो काय करणार? शिवाय परीक्षेच्या खोलीत दिसणारी ‘क्षमता’ ही चॉम्स्कींच्या अर्थाची क्षमता नव्हेच. तोही एक प्रयोगच आहे. मात्र विशिष्ट प्रसंगीचा, आज्ञेने घडविलेला, पाहणाऱ्यासमोरचा.

या दृष्टीने पाहता चॉम्स्कींपेक्षा लबाव अधिक उपयोगी पडतात. न्यूयॉर्क शहरातील बोलीच्या १९६६ सालच्या अभ्यासात त्यांनी दाखविले की, स्वरानंतरचा ‘र’ माणसे सहज बोलताना गाळतात, परिच्छेद वाचताना अधिक उच्चारतात, आणि सुट्या शब्दांची यादी वाचताना सर्वांत अधिक. अवधान वाढले की उच्चार बदलतो. शब्दांच्या यादीवरून या लोकांच्या बोलीचे वर्णन करणाऱ्याला आपण चुकला म्हणू. कारण त्याने बोली नव्हे, बोलणाऱ्याची सावधगिरी टिपली. लाइल यांची परीक्षा ही हाताची शब्दयादी आहे. खुर्ची योग्य उंचीची, वस्तू आखलेल्या जागी, सारे लक्ष एका पंजावर, आणि समोर घड्याळ घेतलेला परीक्षक. घरात दूध उतू जात असताना, कोणाशी बोलता बोलता, कोणता हात पुढे होतो, हे या यादीवरून कळणे नाही.

मग सहज वापर मोजावा कसा? दोन मार्ग आहेत. पहिला विचारण्याचा. टॉब व सहकारी यांच्या १९९३ सालच्या कार्यातून पुढे आलेली ‘मोटर अ‍ॅक्टिव्हिटी लॉग’ ही मुलाखत-पत्रिका, दिवा लावणे, खण उघडणे, मोजे घालणे, चमच्याने किंवा काट्याने खाणे अशा तीस कृतींत दुर्बल हात किती वापरला हे शून्य ते पाच या श्रेणीवर विचारते. दुसरा मार्ग दोन्ही मनगटांवर गतिमापक बांधण्याचा. निरोगी प्रौढांत दोन हातांच्या वापरकालाचे गुणोत्तर सुमारे ०.९५ भरते असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मापनांतून दिसले. उजवा-डावा असा आपण जो मोठा भेद मानतो तो कौशल्याचा आहे, वेळेचा फारसा नाही, ही गोष्ट मननीय आहे. २०१७ साली वॅडेल व सहकारी यांनी याच मापकांनी असे दाखविले की, कृतिनिष्ठ सरावाने रुग्णांचे लाइल-परीक्षेतील गुण वाढले, पण दैनंदिन वापर वाढला नाही. आत्याबाईंचे वाक्य येथे मापकाने सिद्ध केले! आणि तरीही त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने बाहूच्या मापनासाठी सर्व संशोधनांत वापरण्याजोग्या म्हणून निवडलेल्या परीक्षा फुगल-मेयर व लाइल यांच्याच आहेत; दोन्ही ‘करू शकतो’च्या. मंडळाची बाजू अशी मांडता येईल की, तुलनेसाठी काही तरी समान असले पाहिजे. हे मान्य आहे. पण समान असलेले पुरेसे असतेच असे नाही.

गतिमापकालाही मर्यादा आहेत. चालताना झुलणारा हात व भाकरी थापणारा हात यांत तो नीटसा फरक करीत नाही. म्हणून विचारण्याचा मार्ग सुटत नाही. आणि विचारावयाचे म्हटले की प्रश्न भाषेचा होतो.

‘हात उचलू शकता का?’ हा प्रश्न मराठीत विचारणे वाटते तितके सरळ नाही. ‘उचलू शकतो’ यात शक्यता आहे, परवानगीही आहे. ‘उचलता येतो’ यात शिकून अंगी आलेले कौशल्य आहे. ‘उचलतो’ यात नित्याची सवय आहे. आणि यांखेरीज आपल्याकडे शक्य क्रियापदे आहेत : ‘मला हात उचलवत नाही’, ‘माझ्याच्याने चालवत नाही’. ही रूपे बहुधा नकारातच ऐकू येतात, आणि त्यांत कर्ता कर्तेपणाच्या प्रथमेतून खाली उतरलेला असतो. शिवाय ती केवळ शरीराची असमर्थता सांगत नाहीत. ‘जेववत नाही’ म्हणणाऱ्याचे तोंड आले असेल, किंवा मन भरून आले असेल. ‘त्याला सोडून जाववत नाही’ यात तर पायांचा काही संबंधच नाही. शरीर आणि मन यांची सीमा हे रूप मुद्दाम पुसट ठेवते. टॉब यांनी ज्याला ‘शिकलेला अ-वापर’ म्हटले तो नेमका या सीमेवर राहतो. त्यांच्या प्रयोगांत, एका पुढच्या पायाच्या संवेदना तोडलेले माकड तो पाय वापरणे सोडून देई. धडधाकट पाय बांधला की सोडलेला पाय वापरू लागे. त्या माकडाला पाय ‘उचलता येत’ होता, ते ‘उचलू शकत’ होते. ‘उचलवत’ मात्र नव्हते. या स्थितीसाठी इंग्रजीला नवी संज्ञा घडवावी लागली. आपल्याकडे क्रियापदाचे एक जुने रूप तिच्या पुष्कळच जवळ जाते. पत्रिकेचा मराठी अनुवाद करणारा सर्व प्रश्न ‘शकता का’ या एकाच साच्यात ओतील, तर हा लाभ तो हाताने घालवील.

उत्तरांच्या बाजूलाही खबरदारी हवी. ‘हात बरा झाला’ म्हणजे पूर्ववत झाला. ‘हात बरा आहे’ म्हणजे ठीक, फार वाईट नाही, विचारपूस पुरे. ‘अक्षर बरे आहे’ असा शेरा मिळालेला विद्यार्थी हुरळून जात नाही. वापराच्या गुणवत्तेची सहा श्रेणींची वर्णने लिहिताना ‘बरा’ हा शब्द जेथे येईल तेथे तीन आणि पाच यांची गल्लत झालीच म्हणून समजावे.

कृतींची यादी हा भाग सोपा वाटतो, कारण मोजे काढून चप्पल घालता येते. पण भात कालवून घास करणे हे ‘चमच्याने खाणे’ याचे रूपांतर नव्हे. त्यात पाचही बोटे आणि मनगटाचे वळण लागते. लुगड्याच्या किंवा साडीच्या निऱ्यांना दोन हात एकाच लयीत चालावे लागतात. डावा हात गेलेल्या माणसाची सर्वांत मोठी लाज शौचाच्या वेळची असते. तिच्याविषयी मूळ पत्रिकेच्या तीस कृतींत एकही प्रश्न नाही.

सर्वांत नाजूक स्थळ शून्याचे आहे. दुर्बल हात न वापरण्याची कारणे पत्रिकेत सांकेतिक क्रमांकांनी नोंदवावयाची असतात. त्यांपैकी एक ‘दुसऱ्या कोणी करून दिले’ असे आहे, व त्याला गुण शून्य. आत्याबाईंच्या ताटात पोळी येई ती आधीच कुस्करून, दुधात भिजवून. सुनेने ती त्यांना विचारून कुस्करली नव्हती, आणि त्यांनीही ‘नको’ म्हटले नव्हते. सासूला पोळी तोडताना धडपडू देणे हे त्या घरात सेवेतील उणेपण ठरले असते. मधल्या बोटाने पोळी दाबून अंगठा व तर्जनी यांनी तुकडा तोडणे त्यांना जमले असते की नाही, हे या शून्यावरून कळत नाही. मराठी पत्रिकेत येथे निदान दोन वेगळी शून्ये हवीत : हाताला तोडवले नाही म्हणून आलेले एक, आणि हातापर्यंत पोळी अखंड पोचलीच नाही म्हणून आलेले दुसरे, आणि दुसऱ्या प्रकारचे शून्य भरताना प्रश्न रुग्णाला नव्हे, स्वयंपाकघरात जाऊन विचारावा लागेल.